‘तुझ्या घरी सांगतो’

जून २०२३मध्ये पुणं लागोपाठ दोनदा हादरलं. आधी राजगडाच्या पायथ्याशी एमपीएससीची परीक्षा नुकत्याच उत्तीर्ण झालेल्या एका तरुणीचा मृतदेह सापडला आणि तिच्या मित्राला खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. पाठोपाठ २७ जूनला सदाशिव पेठेत एक तरुण कोयता घेऊन ओळखीच्या महाविद्यालयीन मुलीच्या मागे धावला. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं मध्ये पडली म्हणून ती वाचली. पन्नाशीपुढच्या वाचकांना त्या दिवशी १९९०चं उल्हासनगर आठवलं असेल. तिथे दहावीचा पेपर चालू असताना परीक्षा केंद्रात शिरून एका मुलीला जाळण्यात आलं होतं. अशा प्रत्येक वेळी चर्चा होते ती शेवटच्या दिवसाची. हत्यार कुठून आणलं, पोलीस किती वेळात आले, बघे नुसते उभे का राहिले. त्याआधीचे महिने कुणी विचारात घेत नाही. आणि ज्या असंख्य संबंधांत कोयता कधी निघतच नाही, पण एक मुलगी हळूहळू वर्गातून, ग्रंथालयातून आणि शेवटी शिक्षणातून नाहीशी होते, त्यांची तर बातमीही होत नाही.

हा आढावा त्या महिन्यांचा आहे. हिंसा म्हणताना थप्पड आणि हात पिरगाळणं एवढंच इथे अभिप्रेत नाही. नको म्हटल्यावरही लादलेला शरीरसंबंध, रोज तपासला जाणारा फोन, कपड्यांवर आणि मैत्रिणींवर घातलेली बंदी, चारचौघांत पाणउतारा, फोटो पसरवण्याची धमकी, ‘सोडून गेलीस तर नस कापून घेईन’ हा धाक, संबंध तुटल्यावरही न सुटणारा पाठलाग, हे सगळं त्यात येतं. या विषयावरचं देशातलं आणि बाहेरचं संशोधन वाचत गेल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. आपल्याकडे या हिंसेला खरी धार येते ती लपवाछपवीतून. घरी कळलं तर कॉलेज बंद होईल ही भीती मुलीच्या मनात आहे, आणि ती भीती खरी आहे, हे मारणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. बाकीची हत्यारं तो कधीतरी वापरतो. ‘तुझ्या घरी सांगतो’ हे रोजचं असतं.

अभ्यासकांचं लक्ष या प्रश्नाकडे तसं उशिराच गेलं. नवऱ्याच्या मारहाणीवर १९७०च्या दशकात लिहिलं जाऊ लागलं, पण लग्नाआधीच्या दिवसांत सगळं गोडीगुलाबीचंच असतं असं धरून चाललेलं होतं. १९८१मध्ये जेम्स मेकपीस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने २०२ विद्यार्थ्यांना थेट विचारलं, तेव्हा पाचातल्या एकाला जोडीदाराबरोबरच्या हिंसेचा स्वतःचा अनुभव होता आणि निम्म्याहून अधिकांना असं घडलेलं कुणीतरी माहीत होतं. १९८७मध्ये मेरी कॉस यांनी ३२ शिक्षणसंस्थांमधल्या ६,१५९ विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी ‘तुमच्यावर बलात्कार झाला का’ असं न विचारता नेमकं काय घडलं ते विचारलं. बलात्काराच्या किंवा त्याच्या प्रयत्नाच्या कायदेशीर व्याख्येत बसेल असा अनुभव, वयाच्या चौदाव्या वर्षानंतर आल्याचं २७.५ टक्के मुलींच्या उत्तरांतून दिसलं. बहुतेकींच्या बाबतीत तो माणूस ओळखीचा होता. अंधाऱ्या बोळात दबा धरून बसलेला अनोळखी गुन्हेगार हे चित्र तिथून खिळखिळं झालं. आपल्या कॉलेजांच्या सूचनाफलकांवर मात्र ते अजून शाबूत आहे.

मग आला मरे स्ट्रॉस यांचा मोठा प्रकल्प. न्यू हॅम्पशायर विद्यापीठातल्या या समाजशास्त्रज्ञाने जोडीदारांमधल्या भांडणांत कोण काय करतं हे मोजण्याची एक प्रश्नावली १९७९मध्ये तयार केली होती. ढकललं का, चापट मारली का, वस्तू फेकली का, गळा दाबला का, असे साधे प्रश्न. ती घेऊन त्यांच्या गटाने १६ देशांतल्या ३१ विद्यापीठांमध्ये विद्यार्थ्यांना विचारलं. भारतातून निवडलेलं ठिकाण पुणं होतं. २००४मध्ये आलेले निष्कर्ष असे: मागच्या वर्षभरात जोडीदारावर हात उगारल्याचं सरासरी २९ टक्के विद्यार्थ्यांनी स्वतःहून मान्य केलं, आणि सर्वांत कमी प्रमाण असलेल्या विद्यापीठातही तो आकडा १७ टक्के होता. म्हणजे ‘आमच्याकडे असलं काही नसतं’ असं म्हणण्याची सोय जगातल्या कुठल्याही प्राचार्यांना उरली नाही.

स्ट्रॉस यांच्या कामावर वादही पुष्कळ झाला, आणि तो इथे सांगायलाच हवा. त्यांच्या आकड्यांत मुलींनी मारल्याचं प्रमाण मुलांच्या जवळपास येतं. त्यावरून ‘दोघंही सारखेच’ असा अर्थ काढणारे बरेच आहेत. पण कृत्यं मोजणारी प्रश्नावली धाक मोजत नाही. सुटण्यासाठी मारलेला धक्का आणि बोलती बंद करण्यासाठी मारलेली थप्पड तिच्या दृष्टीने एकाच रकान्यात पडतात. दुखापत किती झाली, त्यानंतर एकटीने जिना उतरायची भीती कुणाला वाटली, कुणी कॉलेजचा रस्ता बदलला, हे विचारलं की चित्र एका बाजूला झुकतं. तरी मुलं मार खातात, अपमान सोसतात आणि ‘मुलगी मारते’ हे कुणाला सांगता येत नाही म्हणून एकटी पडतात, हेही तितकंच खरं आहे. समलिंगी विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर ‘तुझ्या घरी सांगतो’ या धमकीला दुप्पट वजन येतं.

आता आपल्याकडची नोंद. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. अविवाहित मुलींनाही मारहाणीबद्दल विचारलं जातं, पण प्रियकराची पाळत, त्याचे हुकूम, त्याची धमकी यांचं चित्र त्यातून उभं राहत नाही. दुसरीकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. त्या अहवालात आत्महत्येच्या कारणांचा एक रकाना ‘प्रेमप्रकरण’ असा आहे. आईवडिलांचा विरोध, प्रेमभंग, फोटोवरून चाललेलं ब्लॅकमेल, रोजची मारहाण, सगळं त्याच रकान्यात जातं. प्रेमामुळे जीव गेला की प्रेमाच्या नावाखाली चाललेल्या छळामुळे, हे त्यातून कधीच कळत नाही. अशा नोंदीवर कुठलं धोरण कसं आखणार?

सुदैवाने महाराष्ट्रात काही बारकाईची कामं झाली आहेत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या लीना अब्राहम यांनी कमी उत्पन्न गटातल्या महाविद्यालयीन मुलामुलींशी बोलून २००२मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्या मुलामुलींनीच आपल्या नात्यांची तीन नावं सांगितली होती: भाई-बहेन, ट्रू लव्ह आणि टाइमपास. यातलं मधलं नातं लग्नापर्यंत जाणार असं मानलं जाई. मला या वर्गवारीत हिंसेचा एक मोठा धागा दिसतो. नातं ‘खरं’ आहे असं एकदा मानलं की मुलीला ते मोडणं अवघड होतं. मोडलं तर आतापर्यंत जे झालं ते सगळं टाइमपास ठरेल, आणि टाइमपास करणाऱ्या मुलीला कट्ट्यावर काय म्हणतात हे तिला माहीत असतं. म्हणून पहिली थप्पड ‘त्याचा राग आहे तसा’ म्हणून, दुसरी ‘पझेसिव्ह आहे, प्रेमापोटी करतो’ म्हणून गिळली जाते.

दुसरं काम पुणे जिल्ह्यातलं. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातल्या अभ्यासकांनी शहरी वस्त्यांमध्ये आणि खेड्यांमध्ये १५ ते २४ वयाच्या मुलामुलींचा अभ्यास केला आणि २००६मध्ये तो छापून आला. लग्नाआधीचे प्रेमसंबंध दोन्हीकडे होते. ते पालकांपासून लपवलेले असत, मित्रमैत्रिणींपासून मात्र नाही. मुलींना बहुधा पुढे लग्नाची आशा असे, आणि शरीरसंबंधापर्यंत गेलेल्यांपैकी काहींच्या वाट्याला जबरदस्ती आली होती. मित्रांना माहीत, घरी नाही, या एका वाक्यात आपला सगळा पेच आला. मदत करू शकणारी माणसं विशीची आणि स्वतःच घाबरलेली. ज्यांच्या हातात काही आहे त्यांना पत्ताच नाही.

मनावर काय परिणाम होतो याबद्दल पुरावा आता भरपूर आहे. २१ देशांतल्या जवळपास १६ हजार विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या माहितीवरून २००८मध्ये असं दिसलं की जोडीदाराकडून हिंसा सोसणाऱ्यांमध्ये आत्महत्येचे विचार जास्त असतात, आणि या दोहोंना जोडणारा मोठा दुवा नैराश्य हा असतो. अर्थात एका वेळी केलेल्या पाहणीतून आधी काय आणि नंतर काय हे सांगता येत नाही. आधीच खचलेली मुलगी वाईट संबंधात अडकली असंही असू शकतं. म्हणून २०१३चा एक अमेरिकी अभ्यास मोलाचा वाटतो. त्यात १२ ते १८ वयाच्या ५,६८१ मुलामुलींना पाच वर्षांनी पुन्हा गाठलं. सोसलेल्या मुलींमध्ये नैराश्य, आत्महत्येचे विचार, दारू आणि सिगारेट यांचं प्रमाण वाढलेलं होतं. मुलांमध्ये गांजा, आत्महत्येचे विचार आणि दांडगाई. आणि दोघांनाही पुढच्या जोडीदाराकडून पुन्हा हिंसा सोसावी लागण्याची शक्यता जास्त होती. ‘वय आहे, विसरून जाईल’ असं म्हणणाऱ्यांनी या शेवटच्या निष्कर्षाकडे जरूर बघावं.

अभ्यासावरचा परिणाम मोजायला अमेरिकी विद्यापीठांना सोपं जातं, कारण तिथे दर सत्राचे गुण एका नोंदवहीत असतात. २०१४मधल्या ७५० विद्यार्थिनींच्या अभ्यासात, पहिल्याच सत्रात लैंगिक अत्याचार झालेल्या मुली सत्राअखेरीस इतरांच्या मागे पडलेल्या दिसल्या. अत्याचार जितका गंभीर, तितकी घसरण मोठी. अत्याचार करणारा दरवेळी जोडीदारच होता असं नाही, पण पुढचा रस्ता सारखाच आहे. मेंगो आणि ब्लॅक या अभ्यासकांना २०१६मध्ये असं आढळलं की लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी ३४.१ टक्के विद्यार्थ्यांनी विद्यापीठ सोडलं, तर एकूण विद्यापीठात हे प्रमाण २९.८ टक्के होतं. आठ विद्यापीठांतल्या ६,४८२ विद्यार्थ्यांच्या २०२०मधल्या पाहणीत पाठलाग आणि जोडीदाराची हिंसा सोसणाऱ्यांमध्ये ‘मला हे जमेल’ हा विश्वासच कमी झालेला दिसला. मला यातला हा शेवटचा शोध सर्वांत चटका लावणारा वाटतो. बुडालेला पेपर ऑक्टोबरमध्ये पुन्हा देता येतो. आपल्याला जमेल असं वाटणंच संपलं तर एटीकेटीचा फॉर्म भरायलासुद्धा हात उचलत नाही.

टेक्सासमधल्या रेचेल वोथ श्रॅग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याहून पुढचं पाऊल टाकलं. अभ्यास बिघडतो तो केवळ मारहाणीच्या धक्क्याने नव्हे, तर जोडीदार तो मुद्दाम बिघडवतो, हे त्यांनी सोसलेल्या विद्यार्थिनींच्या मुलाखतींमधून दाखवलं. परीक्षेच्या आदल्या रात्री उकरून काढलेलं भांडण, लपवलेली पुस्तकं, वर्गाबाहेर मारलेल्या फेऱ्या, ‘शिकून काय दिवे लावणार’ असे टोमणे. शिक्षण म्हणजे बाहेर पडण्याचा रस्ता, आणि तो रस्ता बंद करायचा हा त्यामागचा हिशेब.

आपल्याकडे हे कसं दिसतं ते एका दिवसात बघू. ही कुणी एक मुलगी नाही. समुपदेशक, रेक्टर आणि प्राध्यापक ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगतात त्या एका दिवसात ओवल्या आहेत. मुलगी तालुक्याच्या गावातली, पुण्यात एस.वाय. बीएस्सीला, चार जणींच्या खोलीत कॉट बेसिसवर राहणारी. सकाळी उठल्यावर पहिला मेसेज त्याचा: ‘रात्री दीड वाजता ऑनलाइन कुणासाठी होतीस?’ सव्वासातच्या लेक्चरला बसल्यावर त्याला बाकाचा फोटो पाठवायचा, शेजारी कोण आहे ते दिसेल असा. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला जोडीदार म्हणून एक मुलगा आला तर तिने बॅच बदलून मागायची. सरांनी कारण विचारलं तर पोट दुखतं म्हणायचं. फोनवर लाइव्ह लोकेशन कायम चालू. ग्रंथालयाच्या तळघरात रेंज जाते, म्हणून तिने ग्रंथालयात बसणं सोडलेलं. मेसच्या पैशांतून त्याचा रिचार्ज. इन्स्टाग्रामचा पासवर्ड त्याच्याकडे, आणि परीक्षेच्या पोर्टलचाही. संध्याकाळी त्याने दंड धरून ओढल्याचा वळ लपवायला भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा कुडता. रूममेटनं बघितलंय, पण ‘तू मध्ये पडू नकोस’ असं तिने हात जोडून सांगितलंय. जर्नल अपुरं, सबमिशन चुकलं, इंटर्नलला दोन विषयांत शून्य. सत्राच्या शेवटी डिफॉल्टर लिस्ट लागते आणि त्यात तिचं नाव असतं. विभागप्रमुख म्हणतात, पालकांना घेऊन ये.

इथे गाडी अडते. पालकांना आणणं म्हणजे सगळं उघड होणं. उघड झालं की काय होतं हे तिने गावात बघितलेलं आहे. मोबाइल काढून घेतला जातो, सामान बांधलं जातं, मामा स्थळं बघायला लागतो. पुढच्या वर्षी पत्रिका छापली जाते. कॉलेजच्या दप्तरात याची नोंद होते ती ‘विद्यार्थिनीने प्रवेश रद्द केला’ एवढीच. अमेरिकेतला अभ्यासक निदान गुणांची घसरण मोजू शकतो. आपल्याकडे हिंसेमुळे सुटलेलं शिक्षण लग्नाच्या मुहूर्तात दडून जातं, आणि त्या घराला वाटत राहतं की पोरीला वेळेत सावरलं.

घरच्यांना नुसतं दोषी ठरवून भागणार नाही. त्यांच्या भीतीलाही कारणं आहेत, आणि त्यांतलं सर्वांत मोठं जात आहे. २०१४मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्डा गावात, वरच्या म्हणवणाऱ्या जातीतल्या मुलीशी बोलतो एवढ्या कारणावरून बारावीतल्या एका दलित मुलाला मारून टाकण्यात आलं. २०१७मध्ये न्यायालयाने सगळ्या आरोपींना निर्दोष सोडलं. अशा राज्यात आंतरजातीय संबंधातली मुलगी मार खाऊनही घरी गप्प बसते, कारण तिने तोंड उघडलं तर त्या मुलाचं काय होईल याचाही तिला धाक असतो. मारणाऱ्याचा जीव आपल्यामुळे जाऊ नये म्हणून मार सोसणाऱ्या मुली आहेत, ही गोष्ट शहरातल्या चर्चांमध्ये फार कमी वेळा येते.

नोव्हेंबर २०२०मध्ये वसई भागातल्या एका तरुणीने तुळिंज पोलिसांकडे लेखी तक्रार दिली होती की तिचा जोडीदार तिला मारतो, गळा दाबतो, तुकडे करण्याची धमकी देतो. पुढे तिने ती मागे घेतली. दीड वर्षाने दिल्लीत तिचा खून झाला आणि त्याच जोडीदारावर खटला उभा राहिला. ती विद्यार्थिनी नव्हती, पण तिच्या बाबतीत जे घडलं ते कॉलेजच्या मुलींनी डोळे विस्फारून बघितलं. जोडीदार दुसऱ्या धर्माचा म्हणून तिचं घर नात्याच्या विरोधात होतं, त्यामुळे परतीची वाट अवघड झालेली होती. या खुनानंतर राज्य सरकारने डिसेंबर २०२२मध्ये आंतरधर्मीय विवाहांसाठी समन्वय समिती नेमली. माझ्या मते त्या तक्रारीतला मुद्दा वेगळाच होता: गळा दाबल्याची लेखी तक्रार देणारी मुलगी ‘आमचं मिटलं’ म्हणत परत येते, तेव्हा पोलीस ठाण्यात तिला एकटीला बसवून कुणी काय विचारतं? गळा दाबणं हे पुढच्या खुनाचं मोठं धोक्याचं चिन्ह आहे आणि नातं सोडण्याचा काळ सर्वांत जोखमीचा असतो, हे जॅकलिन कॅम्पबेल यांच्यासारख्या संशोधकांनी कधीच दाखवून दिलेलं आहे.

कायद्याकडे बघितलं तर चित्र अर्धंमुर्धं आहे. २००५चा घरगुती हिंसाचार प्रतिबंधक कायदा लग्नासारख्या नात्यालाही संरक्षण देतो, पण एका छताखाली राहण्याची अट आहे. केवळ भेटीगाठींचं नातं त्यात बसत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे वेगवेगळ्या वसतिगृहांत राहणाऱ्या दोघांना तो लागू नाही. पाठलाग हा २०१३पासून स्वतंत्र गुन्हा आहे. आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७८. इंटरनेटवरून ठेवलेली पाळतही त्यात येते. पहिल्या वेळी तो जामीनपात्र आहे, त्यामुळे संध्याकाळी तो पुन्हा गेटवर उभा दिसतो. कलम ७७ मात्र प्रत्येक मुलीला माहीत असायला हवं. खासगी फोटो काढू देण्याला संमती होती म्हणून तो इतरांना दाखवण्याला संमती होती असं कायदा मानत नाही. ‘तूच काढू दिलास ना’ या वाक्याने हजार मुली गप्प होतात. कायद्यात त्या वाक्याला किंमत नाही.

कॉलेजांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५चे नियम आहेत, आणि ते लोकांना वाटतं त्यापेक्षा बरेच चांगले आहेत. अंतर्गत तक्रार समितीत, प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर विद्यार्थी प्रतिनिधी हवेत. मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही तक्रार करू शकतात. कॉलेजबाहेरून येऊन त्रास देणाऱ्याचाही विचार त्यात आहे. चौकशी चालू असताना तक्रारदाराला रजा, विभागबदल आणि हजेरीच्या अटीत सवलत द्यावी असं त्यात लिहिलेलं आहे. वरच्या मुलीचं नाव ज्या डिफॉल्टर लिस्टमध्ये लागलं त्यावरचा उपाय दहा वर्षांपासून छापील स्वरूपात उपलब्ध आहे. पण समितीचा फलक ऑफिसबाहेर, सभासदांत तिचेच विभागप्रमुख, आणि अर्ज केला की पहिला फोन घरी. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या विद्यार्थिनीच्या तक्रारीची बातमी तिला न विचारता घरी पोचवणं हा तिचा विश्वासघात आहे. असं करणारी माणसं वाईट नसतात, जबाबदारी अंगावर नको म्हणून करतात. परिणाम तोच होतो.

अकरावी-बारावीचा गुंता याहून अवघड. आपल्याकडे कनिष्ठ महाविद्यालयं बहुधा त्याच इमारतीत भरतात. सोळा-सतरा वर्षांची मुलगी समुपदेशकाकडे आली आणि शरीरसंबंधाबद्दल बोलली, तर पॉक्सो कायद्यानुसार समुपदेशकाला ते पोलिसांना कळवावंच लागतं, मग तो संबंध तिच्या मर्जीचा असो वा नसो. परिणामी जिच्यावर जबरदस्ती झाली ती आणि जिच्यावर नाही ती, दोघीही बोलत नाहीत. सप्टेंबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपातापुरती एक खिडकी उघडली: मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने कळवताना तिचं नाव उघड करण्याची गरज नाही. बाकी दार बंदच आहे. लहान मुलांना वाचवणारा हा कायदा मोलाचा आहे. त्यात सतरा वर्षांच्या मुलीला न घाबरता बोलण्याची जागा कशी करायची, यावर वकील आणि समुपदेशकांनी एकत्र बसायला हवं.

आपल्या कॉलेजांचा आवडता उपाय म्हणजे मुलींवर आणखी बंधनं. गेट सातला बंद, गच्चीला कुलूप, मुलांशी बोलायचं नाही. याने लपवाछपवी वाढते, आणि लपवाछपवीवरच तर मारणारा जगतो. उपयोगी पडलेले उपाय वेगळे आहेत. कॅनडात शार्लीन सेन यांच्या गटाने ८९३ विद्यार्थिनींवर केलेला प्रयोग २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. बारा तासांच्या प्रशिक्षणात मुलींना ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका ओळखायला, संकोच बाजूला ठेवून विरोध करायला आणि स्वतःला काय हवंय याचा विचार करायला शिकवलं. वर्षभरात बलात्काराचं प्रमाण त्यांच्यात ५.२ टक्के राहिलं, नुसती पत्रकं दिलेल्यांमध्ये ९.८ टक्के. न्यूयॉर्कच्या शाळांमधल्या एका प्रयोगात, मुलांना कुठल्या जागी असुरक्षित वाटतं याचे नकाशे त्यांच्याकडूनच काढून घेतले आणि तिथे मोठी माणसं उभी केली; नुसत्या वर्गातल्या धड्यांपेक्षा याचा परिणाम जास्त दिसला. आपल्या कुठल्याही कॉलेजात हे एका आठवड्यात करता येईल. पार्किंगची मागची बाजू, जिन्याचं वळण, झेरॉक्सच्या दुकानाजवळचा बोळ, मुली लगेच दाखवतील.

मुलांबरोबरचं काम महाराष्ट्रात बऱ्याच जणांच्या आधी सुरू झालं, ही अभिमानाची गोष्ट आहे. ‘मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अ‍ॅब्यूज’ अर्थात मावा ही मुंबईची संस्था १९९३पासून हेच करते आहे. हरीश सदानी आणि त्यांचे सहकारी कॉलेजमधल्या मुलांना मर्दानगी, राग आणि नकार यांवर बोलतं करतात. मुंबईत ‘परिवर्तन’ या उपक्रमात शालेय क्रिकेटच्या प्रशिक्षकांना तयार केलं गेलं, कारण तेरा वर्षांचा मुलगा वर्गशिक्षिकेपेक्षा कोचचं जास्त ऐकतो. कॉलेजात तीच जागा एनएसएसच्या सिनिअर मुलाची, जिमच्या दादाची, ढोलपथकातल्या प्रमुखाची आहे. ‘तिने नाही म्हटलं, आता विषय संपला, चल चहा घेऊ’ हे त्यांच्यापैकी कुणी म्हटलं तर ते ऐकलं जातं. पोरांच्या नाटकांत आणि रीलमध्ये पाठलाग करणारा हिरो अजूनही जिंकतो, आणि त्याच्याशी सामना द्यायला शिक्षकांचं भाषण पुरत नाही.

रुग्णालयं हाही एक दरवाजा आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि सेहत या संस्थेने मिळून २०००च्या सुमारास ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं, आणि पुढे ते पालिकेच्या इतर रुग्णालयांतही गेलं. केसपेपरवर ‘पडून लागलं’ लिहिलेल्या बाईला तिथे कुणीतरी बाजूला घेऊन बसतं. पोलीस ठाण्याची पायरी चढण्याआधी बोलता येईल अशी जागा कॉलेजच्या मुलीला जास्त गरजेची आहे, कारण तिला बहुतेक वेळा त्याला शिक्षा नको असते. तिला तो थांबायला हवा असतो आणि परीक्षा द्यायची असते.

तेव्हा कॉलेजने सुरुवात हजेरीपासून करावी. हजेरी अचानक घसरलेल्या मुलीला वर्गासमोर न विचारता स्टाफरूमबाहेर थांबवून ‘सगळं ठीक आहे ना’ एवढं विचारावं, आणि उत्तर आलं नाही तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारावं. सवलतीच्या अर्जात सगळी हकिगत लिहायची सक्ती नको. समितीच्या अध्यक्षांचं एका ओळीचं पत्र पुरावं. सज्ञान विद्यार्थिनीच्या घरी तिच्या संमतीशिवाय कळवलं जाणार नाही, हे प्रवेशाच्या माहितीपत्रकात छापावं. पालकांनीही एक गोष्ट आजच, काही घडलेलं नसताना, मुलीला सांगून ठेवावी: काहीही झालं तरी तुझं शिक्षण थांबणार नाही. घरून हे शब्द मिळालेल्या मुलीला ‘तुझ्या घरी सांगतो’ म्हणून घाबरवता येत नाही.

मैत्रिणींसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. त्याला ब्लॉक करण्याआधी मेसेजचे, कॉलच्या यादीचे आणि धमक्यांचे स्क्रीनशॉट तारखेसह काढून विश्वासातल्या कुणाकडे पाठवून ठेवावेत. लोकेशन बंद करण्याआधी आणि पासवर्ड बदलण्याआधी त्या रात्री ती कुठे झोपणार हे ठरवावं, कारण तेव्हाच राग उसळतो. शेवटचं एकदा भेटायला ती जात असेल तर तिला एकटीला जाऊ देऊ नये. गळ्यावर वळ असेल, आवाज बसला असेल, गिळताना दुखत असेल, तर बाहेरून काही दिसत नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावं. तातडीने पोलीस हवे असतील तर ११२, महिलांसाठीची हेल्पलाइन १८१, फोटो किंवा पैशांवरून ऑनलाइन त्रास होत असेल तर १९३०, आणि मन कोसळलं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर, जिथे मराठीत बोलता येतं.